मर्यादवेल : पुळणीची राखण करणारी रानवेल

कोकणातील बहुतेक पुळणींवर, उधाणाच्या भरतीची रेषा जेथे संपते तिच्या थोडे वर, वाळूला बिलगून पसरलेली एक हिरवी वेल आढळते. तिची पाने जाड, चकचकीत व आपट्याच्या पानासारखी टोकाशी दुभंगलेली असतात. सकाळच्या उन्हात तिच्यावर कर्ण्याच्या आकाराची जांभळट-गुलाबी फुले उमलतात आणि दुपार सरेपर्यंत मिटून जातात. हीच मर्यादवेल. समुद्र आणि जमीन यांच्या सीमेवर जेथे दुसरी वनस्पती सहसा तग धरत नाही, तेथे ही वेल वाढते; तिच्या मराठी नावातही ही मर्यादा आलेली आहे.

असे असूनही किनाऱ्याच्या ‘सुशोभीकरणा’त सर्वप्रथम बळी जातो तो या वेलीचाच. पर्यटकांसाठी वाळू स्वच्छ दिसावी म्हणून ती रान समजून उपटली जाते, वाहनांच्या चाकांखाली चिरडली जाते किंवा तिच्या जागेवर फरसबंदी होते. वेल गेली की वाळू सुटी होते, आणि वाळू सुटी झाली की तिच्यामागील नारळी-पोफळीच्या बागा, विहिरी व घरे समुद्राच्या एक पाऊल जवळ येतात. ही वेल पुन्हा लावणे अवघड नाही आणि त्यास फारसा खर्चही येत नाही. मात्र ती कोठे, केव्हा आणि कोणत्या बेण्यापासून लावावी, याचे ज्ञान नसेल तर चांगल्या हेतूने केलेली लागवडही वाया जाते. प्रसंगी ती वन्यजीवांना अपायकारक ठरते.

वेलीची ओळख

वनस्पतिशास्त्रात मर्यादवेलीचे नाव आयपोमिया पेस-काप्री असे आहे. लॅटिन भाषेत ‘पेस-काप्री’ म्हणजे शेळीचे पाऊल. दुभंगलेल्या पानाचा आकार शेळीच्या खुरासारखा दिसतो, म्हणून लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला हे नाव दिले. पुढे १८१८ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचा समावेश आयपोमिया या प्रजातीत केला. रताळे, नाळीची भाजी आणि परदेशातून येऊन ओढ्याकाठी माजलेली बेशरम या साऱ्या तिच्याच प्रजातीतील वनस्पती होत. आपट्याशी तिचे साम्य केवळ पानाच्या आकारापुरतेच आहे.

भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर ही वेल आढळते. तमिळमध्ये तिला ‘अडुंबु’ म्हणतात आणि प्राचीन संगम साहित्यातील समुद्रकाठच्या वर्णनांत या फुलाचा उल्लेख वारंवार येतो. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही ती ‘अडंबु’ या मल्याळी नावाच्या आधारे नोंदविली गेली आहे.

उष्ण कटिबंधातील जवळजवळ सर्व वालुकामय किनाऱ्यांवर ही वेल पोहोचली आहे, याचे कारण तिचे बी. फळ साधारण दीड सेंटिमीटरचे, गोलसर असते. पिकल्यावर ते तपकिरी होऊन तडकते आणि आतून मखमली लव असलेल्या चार टणक बिया बाहेर पडतात. या बिया खाऱ्या पाण्यावर महिनोन् महिने तरंगू शकतात आणि तरीही त्यांची उगवणशक्ती टिकून राहते. १८८३ साली इंडोनेशियातील क्राकाताऊ ज्वालामुखीच्या स्फोटात तेथील वनस्पतिजीवन नष्ट झाले. त्यानंतरच्या काळात तेथील किनाऱ्यांवर जी झाडोऱ्याची पहिली वस्ती झाली, तिच्यात मर्यादवेल होती.

वाळू धरण्याची रीत

वाऱ्याबरोबर उडणारे वाळूचे कण जमिनीलगतच वाहतात. उघड्या वाळूवर त्यांना अडथळा नसतो. मर्यादवेलीची दाट पाने जमिनीलगतच्या वाऱ्याचा वेग कमी करतात आणि वाऱ्याने आणलेली वाळू वेलीतच पडते. अशा रीतीने गाडली गेलेली सामान्य वनस्पती मरून जाईल. मर्यादवेल मात्र गाडलेल्या प्रत्येक पेरातून नवी मुळे फोडते आणि तिचे शेंडे पुन्हा वाळूच्या वर येतात. हा क्रम वर्षानुवर्षे चालत राहिला की वाळूचा बुटका बांध तयार होतो. एकेका वेलीची लांबी वीस-तीस मीटरपर्यंतही जाऊ शकते, त्यामुळे थोड्या वेलीही मोठे क्षेत्र झाकतात.

कोकणात या बांधाचे महत्त्व विशेष आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, उंच लाटा पुळणीवरची वाळू समुद्रात ओढून नेतात. ऑक्टोबरनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. वाळूचा बांध हा या देवघेवीतील शिलकीचा साठा असतो. पावसाळ्यात त्याचा काही भाग खचला तरी उरलेली वेल उन्हाळ्यापर्यंत पुन्हा खाली उतरते आणि परतलेली वाळू धरून ठेवते. हा साठाच नसेल तर लाटा थेट बागेच्या गडग्यापर्यंत पोहोचतात.

या क्षमतेच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’सारख्या चक्रीवादळाला कोणतीही वेल थोपवू शकत नाही. नदीच्या मुखावर बांधलेल्या धक्क्यामुळे किंवा वाळूउपशामुळे किनाऱ्याला येणारी वाळूच तुटली असेल, तर तेथेही वेल एकटी पुरी पडत नाही. वाळूचा पुरवठा शाबूत असलेल्या किनाऱ्यावरच तिचे काम दिसून येते.

वेलीच्या आश्रयाने राहणारे जीव

मर्यादवेलीचे फूल एका सकाळपुरतेच असते; परंतु वर्षाचा बराच काळ रोज नवी फुले येत राहतात. किनाऱ्यावरच्या रुक्ष वाळूत मधाचा असा नियमित साठा दुसरा क्वचितच असतो. फुलाच्या रुंद गळ्यात मोठे काळे भुंगे सहज शिरतात. मधमाश्या व इतर एकांड्या माश्याही तेथे येतात. एकाच वेलीचे पराग त्याच वेलीच्या फुलावर पडल्यास साधारणतः फळ धरत नाही; त्यामुळे वेलीला या कीटकांची जितकी गरज, तितकीच कीटकांना तिची. ही गोष्ट लागवड करताना विसरता कामा नये, हे पुढे दिसून येईल.

मध केवळ फुलातच नसतो. पानाच्या देठाशी सूक्ष्म ग्रंथी असतात व त्यातून गोड रस पाझरतो. तो चाटण्यासाठी मुंग्या वेलीवर सतत वावरतात आणि त्यांच्या वावरामुळे पाने-फुले कुरतडणाऱ्या काही किडींना आळा बसतो. तरीही पाने खाणारे कीटक येतातच. पाठीवर कासवासारखे पसरट कवच असलेले भुंगेरे याच कुळातील वनस्पतींच्या पानांवर जगतात. या कुळाच्या पानांवर वाढणाऱ्या एका मोठ्या पतंगाच्या शास्त्रीय नावातच ‘कॉन्व्हॉल्व्ह्युलाय’ असा या कुळाचा निर्देश आहे. पानांना पडलेली भोके हे रोगाचे लक्षण नसून वेलीवर जीवसृष्टी नांदत असल्याची खूण होय. अशा वेलीवर कीटकनाशक फवारणे म्हणजे लागवडीचा हेतूच नष्ट करणे.

पानांच्या गालिच्याखालील वाळू भर दुपारीही उघड्या वाळूपेक्षा थंड व ओलसर राहते. तेथे सरडे, कोळी आणि लहान कीटक आसरा घेतात. वाळूत बिळे करून राहणारे खेकडेही वेलीच्या कडेने वावरतात.

समुद्री कासवे आणि वेल

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालण्यासाठी येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली कासव संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ साली तेथे कासव महोत्सव भरविला गेला, तेव्हापासून हा विषय मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. गोव्यात मोरजी, आगोंद व गालजीबाग येथील पुळणी याचसाठी ओळखल्या जातात.

मादी उधाणरेषेच्या वरच्या उघड्या वाळूत खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते व साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पिल्ले नर की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते : वाळू अधिक उष्ण असेल तर माद्यांचे प्रमाण वाढते. बाहेर पडलेली पिल्ले उंच व काळोख्या बाजूकडे पाठ करून सखल, उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. पुळणीमागे वेलींनी झाकलेला वाळूचा बांध असेल तर वस्तीतील दिवे काही अंशी अडतात आणि पिल्लांना दिशा सापडते.

परंतु हीच वेल घरट्याच्या जागेवर पसरली तर मुळे अंड्यांपर्यंत पोहोचू शकतात व बाहेर येणारी पिल्ले वेलींच्या जाळ्यात अडकू शकतात. म्हणून कासवांच्या पुळणीवर उधाणरेषा आणि बांध यांच्यामधील उघडा पट्टा मोकळाच ठेवला पाहिजे. वेल लावायची ती बांधावर, त्याच्या पुढे नव्हे. तसेच नोव्हेंबर ते मे या काळात अशा पुळणीवर खणणे टाळावे आणि कोणतेही काम वन विभागाच्या व गावातील कासवमित्रांच्या सल्ल्यानेच करावे.

येथे सुरूच्या झाडांचा विचार क्रमप्राप्त ठरतो. आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियात मूळ वसतिस्थान असलेले सुरू भारतात अंदमानात नैसर्गिकपणे आढळते; कोकणात मात्र ते लावले गेले. त्याच्या दाट सावलीत व काड्यांसारख्या पानांच्या थरात मर्यादवेलीसारख्या ऊनप्रिय वेली टिकत नाहीत. भरतीरेषेच्या अगदी जवळ लावलेल्या सुरूमुळे कासवांना अंडी घालण्यास मिळणारी मोकळी वाळूही कमी होते. असलेली बने सरसकट तोडण्याचे कारण नाही. मात्र नव्या लागवडीत पहिली ओळ देशी वेलींची असावी, हे अधिक शहाणपणाचे.

बियांपासून रोपे

बी नेहमी त्याच किनाऱ्यावरील, निदान लगतच्या तालुक्यातील वेलींचे घ्यावे. हिंदी महासागराच्या परिसरातील मर्यादवेलीची पाने अधिक खोल दुभंगलेली असतात व तिला इतर महासागरांतील वेलींपासून वेगळी उपजात मानले जाते. परदेशी रोपवाटिकेचे किंवा दूरच्या किनाऱ्याचे बी आणून ही स्थानिक ठेवण बिघडवू नये. तपकिरी झालेली, तडकण्याच्या बेतात असलेली फळे गोळा करावीत. एकाच वेलीवरून सर्व बी न घेता परस्परांपासून दूर असलेल्या अनेक वेलींवरून थोडे थोडे घ्यावे आणि बरेचसे बी जागेवरच राहू द्यावे. भोक पडलेल्या बियांत अळी असते. त्या वेगळ्या काढाव्यात.

टणक सालीमुळे बी तसेच पेरल्यास ते महिनोन् महिने पडून राहते. त्यासाठी बियांची साल कानशीवर किंवा पॉलिश पेपरवर एका बाजूने, आतला फिकट भाग दिसू लागेपर्यंत घासावी. बी जेथे फळाला चिकटलेले असते त्या खुणेची बाजू घासू नये, कारण अंकुराला इजा पोहोचते. घासलेले बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे. सकाळी फुगलेले बी पेरण्यास योग्य समजावे. न फुगलेले पुन्हा घासून भिजवावे.

रोपांसाठी चार भाग वाळू व एक भाग नारळाच्या सोडणांचा भुसा किंवा चांगले कुजलेले शेणखत पुरेसे होते. पिशवीच्या तळाला भोके हवीत. पाणी साचल्यास मुळे कुजतात. बी सुमारे एक सेंटिमीटर खोल पेरून पिशव्या उन्हात ठेवाव्यात. उबदार हवेत एक ते दोन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. मूळ लांब वाढत असल्याने उथळ कुंडीपेक्षा खोल पिशवी चांगली. चार-सहा पाने आली की रोप लावणीस तयार होते.

वेलाचे बेणे

रताळ्याचा वेल लावतात त्याच पद्धतीने मर्यादवेलही लावता येते. निरोगी वेलीचे तीन-चार पेरांचे, साधारण हातभर लांबीचे तुकडे धारदार विळीने किंवा कात्रीने कापावेत. कापताना पांढरा चीक निघतो, तो थोडा वेळ सुकू द्यावा. मग दोन पेरे ओल्या वाळूत आडवी पुरून शेंडा बाहेर ठेवावा. पावसाळ्यात असे तुकडे लवकर मुळे धरतात.

बेणे सोपे असले तरी त्यात एक धोका आहे. एकाच वेलीचे शंभर तुकडे म्हणजे शंभर वेली नव्हेत. ती एकाच वेलीची विस्तारलेली रूपे होत. त्यांना फुले भरपूर येतील, भुंगेही येतील, परंतु परस्परांचे पराग उपयोगी न पडल्याने फळ धरणार नाही. म्हणून बेणे अनेक वेलींचे घ्यावे व त्यात बियांपासून केलेली रोपे मिसळावीत. तसेच बांधाच्या समुद्राकडील कडेवरच्या, वाळू धरून असलेल्या वेली कापू नयेत. बेणे मागील बाजूच्या दाट वाढीतून घ्यावे.

लागवडीची जागा व वेळ

बांधाच्या मागील उतारावर व माथ्यावर पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनच्या मध्यास लागवड करता येते. समुद्राकडील उतारावर मात्र घाई करू नये, कारण जून-जुलैच्या लाटा रोपे धुऊन नेतात. नारळी पौर्णिमेनंतर दर्याचा जोर ओसरू लागतो आणि पाऊस अजून शिल्लक असतो. त्या बाजूसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ सोयीचा. दोन रोपांत सुमारे एक मीटर अंतर ठेवावे. रोपाचा बराचसा भाग, दोन-तीन पेरांसह, ओल लागेपर्यंत खोल पुरावा.

वाळू फार उडत असेल तर वाऱ्याच्या दिशेला नारळाच्या झापांचे गुडघाभर उंचीचे विरळ कुंपण घालावे. त्याच्या आडोशाला वाळू साठते व रोपे सावरतात. वर्षभरात झाप कुजून वाळूत मिसळतात. प्लास्टिकची जाळी किंवा तार वापरू नये.

मर्यादवेल एकटी लावण्यापेक्षा जोडीला इतर देशी वनस्पती असाव्यात. अणकुचीदार पात्यांचे स्पिनिफेक्स गवत, ज्याला तमिळमध्ये ‘रावणाच्या मिशा’ अशा अर्थाचे नाव आहे, तेही वाळू उत्तम धरते. त्यामागे केवडा व निर्गुडी, आणि सर्वांत मागे उंडी व करंज, अशी उंची चढत जाणारी रचना वाऱ्याला क्रमाक्रमाने वर वळवते.

लागवडीपूर्वी गावातील मच्छीमारांशी बोलणे आवश्यक आहे. होड्या ओढण्याच्या आणि रापणीच्या जागा पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या असतात. त्या मोकळ्या सोडाव्यात. पुळणीवर उतरण्यासाठी एक-दोन अरुंद, किंचित तिरक्या पायवाटा राखल्यास उरलेल्या वेलीवर पाय पडत नाहीत.

निगा

पहिले सहा ते आठ आठवडे पावसाने ओढ दिल्यास दोन-तीन दिवसांआड गोडे पाणी द्यावे. त्यानंतर वेलीला पाण्याची गरज भासत नाही. रासायनिक खत देऊ नये. सुपीकता वाढली की तण शिरते आणि वेल मागे पडते. गुरे व वाहने यांना पहिले वर्षभर मज्जाव करावा. वेलीत अडकलेले प्लास्टिक व जाळ्यांचे तुकडे हातानेच वेचावेत. दाताळे किंवा यंत्र फिरवल्यास मुळेच उखडून येतात. भरतीने आणून टाकलेला शेवाळाचा व पाल्याचा थर मात्र राहू द्यावा, कारण कुजून तोच वेलीचे खत होतो.

समुद्रकाठच्या घरी वालुकामय अंगणात किंवा गडग्यालगत ही वेल लावता येते. तिला दिवसभर ऊन व मोकळी जागा लागते. भाजीच्या वाफ्याशेजारी ती लावू नये, कारण पेरापेरांतून मुळे धरत ती झपाट्याने पसरते. दक्षिण व आग्नेय आशियात लोकौषधात तिचा वापर होत आला असला, तरी तिची पाने किंवा बी घरगुती औषध म्हणून पोटात घेऊ नयेत.

कायद्याची बाजू

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांमध्ये वाळूचे बांध आणि कासवांच्या विणीच्या जागा या सर्वाधिक संवेदनशील वर्गात येतात. सुशोभीकरण किंवा करमणुकीसाठी वाळूच्या टेकड्या सपाट करणे, त्यांचा आकार बदलणे यास मनाई आहे. ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे सर्वोच्च संरक्षण लाभलेले आहे. पुळण सपाट करण्याचा प्रस्ताव गावासमोर आल्यास ग्रामस्थांना या तरतुदींचा आधार घेता येतो.

अनेक ठिकाणी तर नव्या लागवडीची आवश्यकताही नसते. वाहने थांबविली, पायवाट आखून दिली आणि दोन पावसाळे वाट पाहिली, तर बांधावर उरलेली वेल स्वतःच पसरू लागते. म्हणूनच कुदळ हाती घेण्यापूर्वी पुळणीवर एक फेरी मारून वेल कोठे जिवंत आहे आणि कशामुळे मागे हटते आहे, हे पाहून घ्यावे. ते कारण दूर झाल्यावर जेथे वेल उरलेलीच नाही, तेवढ्याच जागी रोपे लावावीत.